रीफ टँकला एलईडी घेताय? दुकानात आधी पांढरा लाईट लावायला सांगा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. तो सायकल झालाय (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वसलेत), मिठाच्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ आहे, तापमान २५-२६ ला धरून ठेवता येतंय एवढं मी गृहीत धरतोय. ते नसेल तर लाईटचं नंतर बघू, कारण ठाण्याच्या मे महिन्यात टँक ३१ वर गेला की भारीतला भारी एलईडीसुद्धा काही करू शकत नाही.

खरेदी. लिटरला इतके वॅट हा हिशोब ट्यूबलाईटच्या जमान्यातला, तो सोडा. कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि कोरलला पोसतं, त्याला लागतो तो उजेड पार (PAR, अन्न बनवायला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मध्ये मोजतात. मशरूम, झोआ, लेदर असल्या मऊ कोरलना ५० ते १५० पार पुरतो, अॅक्रोपोरासारख्या कडक कोरलना २०० च्या वर लागतो. म्हणजे कोरल कुठले ठेवणार ते आधी ठरवा आणि मग लाईट, सगळे उलटंच करतात. (ओहोटीला हाजी अलीच्या खडकांत कोरल दिसतात म्हणून तुकडा उचलून आणायचा विचार असेल तर तिथेच थांबा, कडक सांगाड्याचे कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंगतीत.)

लाईटमध्ये दोनच गोष्टी बघा. एक, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता आला पाहिजे, आणि निळ्यात ४२० ते ४८० नॅनोमीटरचे एलईडी पाहिजेत. दोन, वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहिलं पाहिजे. माझ्या पहिल्या लाईटचं घड्याळ वीज आली की दुपारच्या १२ पासून सुरू व्हायचं, पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, टँकमध्ये रात्री दोनला भरदुपार. आणि दुकानात कोरल बघताना पांढरा लाईट लावायला सांगा, नुसत्या निळ्यात तपकिरी झोआसुद्धा हिऱ्यासारखा चमकतो, घरी आणला की तोंड पडतं.

टांगणं. पाण्यापासून ८ ते १२ इंच वर, पीओपीला नाही तर वरच्या स्लॅबला अँकर मारून, आणि वायरला प्लगच्या खाली एक झोल सोडा म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) घरात आहेच ना? झालं.

आता टक्केवारी, म्हणजे लाईट किती टक्क्यांवर चालवायचा, इथेच सगळे मरतात, म्हणजे कोरल मरतात. मला दुकानदाराने सांगितलं होतं "साहेब, फुल ठेवा, समुद्रात काय कमी ऊन असतं का". ठेवला फुल. पाच मशरूम होते, तिसऱ्या दिवशी आकसून शर्टाच्या बटणाएवढे झाले. मला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून पांढरा अजून वाढवला, वर रोज रात्री टॉर्च मारून बघत बसायचो. आठव्या दिवशी दोन भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे पडले, एक दगड सोडून पंपात जाऊन बसला. जास्त उजेडात कोरल स्वतःचंच शेवाळ बाहेर टाकतो म्हणून पांढरा पडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तर नीट लक्षात ठेवा. उजेड जास्त झाला की कोरल आकसतो, कडा वर वळतात, रंग फिका पडतो, आणि हे काही दिवसांत दिसतं. कमी पडला की तो लांबतो, झोआची देठं उंच होतात, रंग तपकिरी होत जातो, आणि याला आठवडे लागतात. म्हणजे नवीन लाईटखाली चार दिवसांत कोरल रुसला तर शंभरातल्या नव्वद वेळा उजेड जास्तच आहे, वाढवू नका! अपवाद लेदरचा, तो मधूनमधून आठवडाभर मिटून बसतो, अंगावर चकचकीत पापुद्रा धरतो आणि टाकून देतो, त्याच्यासाठी लाईटला हात लावायचा नाही. मी लावला होता, दोनदा.

सुरुवात निळा ३० टक्के, पांढरा ५ ते १०. नवीन कोरल खाली वाळूवर. आठवड्याला निळा ५ टक्के वाढवा, त्याहून जास्त नाही, मध्ये कोरल रुसला तर मागच्या आकड्यावर या आणि दोन आठवडे गप्प बसा. लाल-हिरवा चॅनल असेल तर जवळजवळ शून्यावर, नाहीतर काचेवर शेवाळ खरवडत बसाल. पार मीटर महाग असतो, ठाण्यात-वाशीत कोणा हौशी माणसाकडे असेल तर एक संध्याकाळ मागून आणा आणि वाळूवर, मधल्या दगडावर, वरच्या टोकावर आकडे लिहून ठेवा. मोबाईलच्या लक्स अॅपवर मात्र भरवसा नको, लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आपला डोळा हिरव्याला तेज आणि निळ्याला मंद, त्यामुळे कोरल भाजत असतो आणि अॅप म्हणतं अंधार आहे.

वेळ दिवसाला ८ ते ९ तास, त्यातले मधले ४-५ तासच ठरवलेल्या टक्क्यावर, दोन्ही बाजूंना हळूहळू चढ-उतार. सरासरी १०० वॅट धरले तर महिन्याला २७ युनिटच्या आसपास, म्हणजे बिल वाढलं तर ते चिलरमुळे (पाणी थंड करणाऱ्या यंत्रामुळे), घरच्यांना तसं सांगा.

लाईटच्या फॅनवर मीठ बसतं, महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा, लाईटच्या काचेवर आरओच्या पाण्याचं ओलं फडकं. त्या दिवशी लाईट आधीपेक्षा उजळ दिसेल, तेव्हा निळा ५ टक्के खाली आणायला विसरू नका.