घरात सगळं बदलत असताना मुलांना घरी शिकवायचं कसं (आणि त्यात आपण आनंदी कसं राहायचं)

गेल्या दीड वर्षात आमच्याकडे तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. धाकटीचा जन्म, मग नवऱ्याची पुण्याहून साताऱ्याला बदली, आणि सामान नीट लागायच्या आत सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. मोठी मुलगी नऊची, मुलगा सहाचा, दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. ज्यांच्याकडे असंच काहीतरी चालू आहे आणि रात्री झोपताना "आज मुलांचं काहीच झालं नाही" म्हणून पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं म्हणजे टाइमटेबल गुंडाळून ठेवा. बदल झाल्यावर निदान पहिला महिना तरी. मी उलटं केलं होतं, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी मी मांडीवर बाळ घेऊन मोठीला अपूर्णांक शिकवत होते, तिला समजत नव्हतं, मला झोप आवरत नव्हती, शेवटी दोघी रडलो. त्या रात्री मी ठरवलं की फक्त तीनच गोष्टी रोज करायच्या: कोणीतरी कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवायचं, थोडं गणित, आणि घरातलं एक काम मुलाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायचं. सगळं मिळून तासभर. तास कमी वाटतो पण वर्गात चाळीस मुलं असतात, इथे तुमच्यासमोर दोनच आहेत, हजेरी नाही, रांग नाही. मला तर तो तास पुरतो असंच दिसलंय.

दुसरं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं, की जो बदल घरात आलाय त्यालाच विषय करा. बाळ झोपलं की मग अभ्यास, आजींचं आवरलं की मग अभ्यास, असं म्हणत बसलो तर अभ्यासाची वेळ येतच नाही. लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरजवळच्या कोसबाडला काय केलं आठवा, आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे बघितल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. आमची शाळा पाळण्यापाशी आणि मग आजींच्या पलंगापाशी गेली एवढंच.

म्हणजे कसं ते सांगते. धाकटी जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती, चौथ्या दिवशी २ किलो ६२०. मोठीने वहीत दोन्ही आकडे लिहिले, वजाबाकी केली आणि एकदम घाबरली, बाळ १८० ग्रॅमने कमी झालं म्हणून! डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. मग तिने ग्राफ पेपरवर आलेख काढायला घेतला, खाली दिवस, बाजूला ग्रॅम, आणि प्रत्येक वेळी वजन केलं की एक ठिपका. रेघ खाली गेली आणि तेराव्या दिवशी २ किलो ८५० वर आली तेव्हा ती जी ओरडली, बाळ दचकून जागं झालं. आलेख म्हणजे काय हे मला शिकवावंच लागलं नाही.

मुलाचं गणित दुधाच्या हिशोबावर चालतं. कॅलेंडरवर ज्या दिवशी दूध आलं नाही तिथे तो खाडा मांडतो. मागे एका महिन्यात ३ खाडे होते, महिना ३१ चा, म्हणजे २८ दिवस, रोज दीड लिटर, तर ४२ लिटर. दीड कसं मोजायचं यावर अडला, मग दोन-दोन दिवसांच्या जोड्या केल्या, एका जोडीचे ३ लिटर, अशा १४ जोड्या. हे त्याचं त्याने शोधलं, मी भाकरी थापत होते. ६० रुपये लिटरने २५२० झाले ते मात्र ताईला विचारून.

आजारपण घरात असेल तर मुलांना त्यातून लांब ठेवू नका असं मला मनापासून वाटतं. गोळ्या त्यांच्या हातात द्यायच्या नाहीत, ते मोठ्यांनीच बघायचं, पण आजींना वाचून दाखवणं, वॉकर घेऊन किती पावलं चालल्या ते मोजून लिहिणं, हे मुलं करू शकतात. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या खूप येतात, पडल्या पडल्या त्या सांगायच्या आणि मोठी लिहून घ्यायची, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की आजीच सांगणार. आधी त्या "पोरांना शाळेत का घालत नाहीस गं" असं रोज विचारायच्या, मी समजावून दमले होते. आता आत्याबाईंनी फोनवर तेच विचारलं तर सासूबाईच म्हणतात, अगं इथे माझ्याकडेच शिकतात की. नातेवाईकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एखादा विषय देऊन टाका.

गाव बदललं तर पुस्तकं कुठल्या खोक्यात गेली ते महिनाभर कळत नाही. तेव्हा ई-बालभारतीच्या साइटवरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात त्या फोनवर घ्या, 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात, आमच्याकडे तर त्यावरच दोन महिने निघाले. बाकी नवीन गाव पायी फिरा, मुलांना नकाशा काढायला लावा. आमच्या नकाशात घर, राजवाडा, भाजीमंडई आणि मागे मोठ्ठा अजिंक्यतारा.

परीक्षेची काळजी सगळ्यांनाच असते. एनआयओएसमध्ये, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणाऱ्या केंद्र सरकारच्या मुक्त शाळेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क असे टप्पे आहेत, दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षं चालतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, दोन आत्ता, तीन पुढच्या वेळी असं करता येतं. ज्या घरात आजारपण किंवा बदली चालू आहे तिथे ही सोय फार मोठी आहे. मुलांची कामं तारीख टाकून एका फाइलमध्ये ठेवत जा, पुढे शाळेत घालायचं ठरलं तर दाखवायला होतात.

आता आईबद्दल. दुपारी बाळ झोपलं की भांडी घासू नका, झोपा. नवऱ्याला "मदत कर" म्हणू नका, एक पूर्ण गोष्ट त्याच्यावर सोपवा, आमच्याकडे रविवारची सकाळ बाबांची, मी स्वयंपाकघरातही जात नाही. आणि रोज एक ओळ वहीत लिहा, आज मुलांसोबत काय आवडलं त्याची. माझ्या वहीत "आजी १२ पावलं चालल्या, पोरगं नाचलं" असंच काय काय आहे, वाईट दिवशी मागची पानं उलटते. पण बाळंतपणानंतर दोन आठवडे होऊनही सारखं रडू येत असेल, काहीच नकोसं वाटत असेल तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो.

आणि हो, कॅलेंडर जरा वरच टांगा. आमची धाकटी आता धरून उभी राहते आणि परवा तिने अख्ख्या महिन्यावर खाडे मांडून ठेवले.