अखेरच्या आजारात रुग्णाची इच्छा केसपेपरवर कशी उतरवावी

शेवटच्या दिवसांत रुग्णाची इच्छा डावलली जाते ती सहसा कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. ती फाइलमध्ये ऑर्डर म्हणून, म्हणजे डॉक्टरांची लेखी सूचना म्हणून, लिहिलेलीच नसते. रात्री दोनला श्वास थांबला की ड्यूटीवरची नर्स फाइल बघते. तिथे काही नसेल तर छाती दाबणं, श्वासासाठी नळी, आयसीयू हा क्रम ठरलेला.

म्हणून रुग्ण बोलता आहे तोवरच मुख्य डॉक्टरांकडे वेगळा अर्धा तास मागा. राउंडच्या घाईत हे बोलणं होत नाही. रुग्णाला खोलीबाहेर ठेवून नातेवाइकांनी ठरवायचं, ही पहिली आणि सर्वांत नेहमीची चूक. किती जाणून घ्यायचंय, हे त्यालाच विचारा. पुढे शुद्ध हरपली तर त्याच्या वतीने कोण बोलणार, ते एकच नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या.

‘फार त्रास देऊ नका’ या वाक्याला ऑर्डर म्हणून काही अर्थ नाही. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं), व्हेंटिलेटर (श्वास देणारं यंत्र), डायलिसिस, नाकातली अन्नाची नळी यांबद्दल वेगवेगळं लिहावं लागतं. प्रत्येकाबद्दल विचारा: यानं नेमकं काय सुधारेल, ते किती दिवसांत कळेल, आणि नाही सुधारलं तर काढणार कसं? उत्तर धूसर असेल तर मुदत घाला: उदाहरणार्थ, व्हेंटिलेटर तीन दिवस, मग पुन्हा बैठक. उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यांत वैद्यकीय नीतिशास्त्र मूलतः फरक मानत नाही. कायद्याची प्रक्रिया मात्र जागोजागी वेगळी, तेव्हा रुग्णालयाचा फॉर्म आधीच मागून ठेवा.

डीएनआर म्हणजे फक्त ‘सीपीआर नको’. वेदनाशामक, ऑक्सिजन, अँटिबायोटिक त्यात आपोआप बंद होत नाहीत. काय चालू राहणार, तेही शेजारीच लिहून घ्या.

वेदनेची ऑर्डर नीट वाचा, कारण इथे सर्वाधिक हाल होतात. नुसतं ‘गरज पडल्यास’ लिहिलं असेल तर रुग्ण कळ उठेपर्यंत थांबतो, मग नर्सची वाट बघतो. सतत दुखत असेल तर साधं तोंडी मॉर्फिन दर चार तासांनी ठरवून देतात आणि मधेच उठणाऱ्या कळेसाठी जादा डोस वेगळा लिहितात, सहसा दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागापर्यंत. दिवसाला ६० मिलिग्रॅम जात असेल तर १०. मात्रा डॉक्टरच ठरवतील. दोन्ही ओळी आहेत ना, हे तुम्ही बघा. सोबत पहिल्या दिवसापासून रेचक हवंच. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनचे अवशेष साचतात, अंगाला झटके येतात, गुंगी वाढते. तेव्हा औषध बदलायला सांगा. रुग्ण बोलत नसेल तर कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कण्हणं यांची वेळेसह नोंद ठेवा.

अगदी अखेरीस भूक-तहान मंदावते. तेव्हा जबरदस्तीचं सलाइन सूज आणि घशातली घरघर वाढवू शकतं. ओल्या स्पंजनं तोंड ओलं ठेवा, कुशीवर वळवा.

एखादा उपचार नाकारला म्हणून ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’वर सही मागितली तर घाईनं करू नका. उपचार नाकारणं म्हणजे रुग्णालय सोडणं नव्हे. पॅलिएटिव्ह टीम (वेदना आणि त्रास कमी करणारी टीम), दुसऱ्या डॉक्टरांचं मत किंवा रुग्णालयाची नैतिकता समिती यांची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. रुग्णाला हलवताना ऑर्डरची प्रत अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाच्या हातात द्या. मूळ फाइल मागेच राहते.