मरीआईला बोकडाऐवजी कोहळा

आषाढातल्या पूजेच्या महिनाभर आधीच नवसाच्या घरी बोला. ऐनवेळी अडवलं की माणसं हट्टाला पेटतात. पहिल्यांदा म्हातारीशी बोला, कोपाची धास्ती तिलाच जास्त. नवसात आपलं काही सोडायचं असतं, इथं जीव बोकडाचा जातो, हे शांतपणे मांडा. शेणगावच्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) मुलीच्या बारशाला मटण-दारू टाळून गोडाचं जेवण घातलं, हा दाखला वऱ्हाडात पटतो.

कोहळा ३-४ किलोचा, पांढरी भुकटी धरलेला, देठासकट घ्या. कोवळा लवकर सडतो; कापताना वास आला की लोक अपशकुन मानतात. हळद-कुंकू वाहून कोरड्या पाटावर एका घावात दोन फाकी करा. रस्त्यावर टाकू नका, बैलाचा पाय घसरतो. बोकडाचे पैसे महाप्रसादाला द्या. नवस फिटला, हे मात्र पुजाऱ्याच्याच तोंडून गावासमोर वदवून घ्या.