सेवाक्लबची साप्ताहिक जेवणाची मीटिंग कशी चालवावी, आणि तिच्यातून काम कसं उभं करावं

आमच्या तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबचं सेक्रेटरीपद मी तीन वर्षं सांभाळलं. त्या काळात दीडशेच्या आसपास मीटिंगा झाल्या आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. आठवड्याला न चुकता भरणारी तासाभराची मीटिंग हेच क्लबचं भांडवल. रक्तदान शिबिर, शाळेतली पाण्याची टाकी, नेत्रतपासणी, सगळं तिथूनच निघतं. तुमचा क्लब लायन्सचा असो की गावातलं साधं सेवा मंडळ असो, पुढच्या पायऱ्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

रोटरीचा जन्मच अशा भेटींतून झाला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनीअर आणि एक शिंपी असे चौघे जमले. पुढच्या भेटी आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या, त्यावरून ‘रोटरी’, म्हणजे फिरती, हे नाव पडलं. मुंबईचा क्लब १९२९ पासूनचा. २०१६ पासून नियम सैल झालाय, महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. पण माझं ऐकाल तर दर आठवड्याला भेटा. पंधरवड्यानं भेटणाऱ्यांची एक मीटिंग चुकली की महिनाभर गाठ पडत नाही.

पायरी १: वार आणि वेळ

आपल्याकडे बहुतेक क्लब संध्याकाळी भेटतात. आम्ही मुद्दाम दुपार निवडली. आमच्या बाजारपेठेत एक ते चार दुकानं बंद असतात, डॉक्टरांची सकाळची ओपीडी दीडपर्यंत उरकते आणि वकिलांना कोर्टाची सुट्टी असते. शिवाय दुपारी जेवायला आलेल्या माणसाला कामावर परतायचं असतं, त्यामुळे मीटिंग आपोआप वेळेत संपते. वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी व्यापारी सभासद गल्ला सोडून येणार नाही, आणि त्यानं यावं अशी अपेक्षाही धरू नये. एकदा ठरलेला वार वर्षभर बदलू नका.

पायरी २: ताटं मोजून सांगा

हे काम किरकोळ वाटतं, पण क्लबचा पैसा इथेच गळतो. समजा, तीस ताटं सांगितली आणि बावीसच माणसं आली. ताट १८० रुपयांचं असेल तर आठ ताटांचे १,४४० रुपये गेले. दर आठवड्याला असंच होत राहिलं तर वर्षाच्या पन्नास मीटिंगांत ७२,००० रुपये होतात. तेवढ्यात एका शाळेचं पाण्याचं काम होतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाकडून ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढंच मागवा, आणि उत्तर न देणाऱ्याला फोन करा. फोन केला की माणूस येतो, हा माझा अनुभव आहे.

कॅलेंडर जवळ ठेवा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांपैकी काही आलं तर उपवासाची माणसं वेगळी मोजा आणि साबुदाण्याची खिचडी तेवढीच सांगा. जैन सभासदांसाठी कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या डावासकट हवी. बाकी जेवण साधंच ठेवा: पोळी, उसळ, कोशिंबीर, वरणभात, ताक. गोड पदार्थ ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याकडून.

पायरी ३: साठ मिनिटांची आखणी

पहिली पंचवीस मिनिटं जेवण आणि गप्पा. यात काटछाट करू नका. नव्या सभासदाला रोज वेगळ्या टेबलावर, जुन्या माणसाशेजारी बसवा. कापड दुकानदार, भूलतज्ज्ञ आणि ट्रॅक्टरचा डीलर एका टेबलाशी बसले की गावातली अर्धी अडचण तिथेच सुटते.

मग अध्यक्षांनी घंटा वाजवावी. आमची घंटा पितळेची, वीतभर उंचीची. तिची मूठ तीस-पस्तीस अध्यक्षांच्या हातानं घासून गुळगुळीत झाली आहे. घंटा ठरल्या मिनिटाला वाजली पाहिजे, मग कलेक्टर यायचे असोत की आमदार. राष्ट्रगीत, पाहुण्यांची ओळख आणि वाढदिवस पाच मिनिटांत उरकावेत. सूचना पाच मिनिटं, त्याही फक्त सेक्रेटरीनं वाचाव्यात. प्रत्येकाला माइक दिला की वक्त्याचा वेळ खाल्ला जातो.

वक्त्याला वीस मिनिटं द्या, आणि ती वीसच आहेत हे आमंत्रण देतानाच सांगा. बाहेरून मोठं नाव आणण्यापेक्षा गावातलीच माणसं बोलवा. आशाताई, एसटीच्या डेपोतले मेकॅनिक, पाणीपुरवठ्याचे इंजिनीअर, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. आमच्या सगळ्यांत चांगल्या मीटिंगा यांच्याच झाल्या. वक्त्याला जेवायला सन्मानानं बोलवा, घरून आणा आणि घरी पोचवा. उरलेली पाच मिनिटं वहीसाठी.

पायरी ४: वही

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: काम, कोण, कधीपर्यंत. मीटिंगच्या शेवटी सेक्रेटरीनं मागच्या आठवड्याचं पान उघडून मोठ्यानं वाचायचं. ‘मुख्याध्यापिकांना भेटणं, अमुक भाऊ, या सोमवारपर्यंत. झालं का?’ झालं असेल तर बरोबरची खूण. राहिलं असेल तर कारण न विचारता नवी तारीख लिहायची. दुसऱ्यांदा राहिलं तर सोबतीला दुसरा माणूस द्यायचा.

कुणाला खाली पाहायला लावायचं नाही, हे पथ्य कसोशीनं पाळा. माणूस कामात अडकलेला असतो, त्याला हात द्यावा. पण प्रश्न दर आठवड्याला विचारला गेलाच पाहिजे.

पायरी ५: काम निवडणं

आधी विचारा, मग ठरवा. एका शाळेला आम्ही न विचारता बाकं दिली होती. त्यांना हवी होती मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं. नंतर दारं बसवली, पण एक वर्ष वाया गेलं. शिकागोच्या त्या मूळ क्लबनं १९०७ साली हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक कामसुद्धा शहरातलं स्वच्छतागृहच होतं. आजही आठवडी बाजारात भाजी विकायला पहाटे आलेल्या बाईला दिवसभर कुठे जायचं हा प्रश्न आहेच. काम शोधायला लांब जावं लागत नाही.

दुसरं, जमेल तिथे सरकारी यंत्रणेला जोडून घ्या. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जागतिक मोहीम उघडली, पण आपल्याकडे गल्लोगल्ली डोस पोचवले ते आरोग्य कर्मचाऱ्यांनी. क्लबची माणसं रविवारी बूथवर बसली, गाड्या दिल्या, घरोघरी समजावलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तीस-चाळीस माणसांच्या क्लबनं असाच खांदा द्यावा.

पायरी ६: रक्तदान शिबिर, पहिल्यापासून

पहिलं काम म्हणून हेच घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस टाळा. त्या दिवशी एकदम ढीगभर पिशव्या जमतात, आणि नेहमीच्या पिशवीतलं रक्त साधारण ३५ दिवसच टिकतं. टंचाई होते ती मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि माणसं गावाला गेलेली असताना. तेव्हा घ्या. महिनाभर आधी रक्तपेढीशी बोला आणि त्यांना किती पिशव्या हव्यात ते विचारून तेवढेच दाते बोलवा.

दात्यांना नियम आधीच कळवा: वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांच्या दोन दानांत तीन महिन्यांचं अंतर, स्त्रियांच्या चार. उपाशीपोटी येऊ नये. जागा तळमजल्यावरची आणि पंखे असलेली हवी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली शिबिर घेऊ नका, अकरानंतर माणूस तिथे बसू शकत नाही. सकाळी आठला सुरू करून बाराला आवरा.

आमच्या दुसऱ्या शिबिरात एक शिक्षिका सकाळी पहिल्या आल्या, नवी साडी नेसून, आयुष्यात पहिल्यांदाच रक्त द्यायला. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. त्या खुर्चीतच बसून राहिल्या, डोळे भरून आले. त्यांच्यामागून आलेल्या बायकांपैकीही कितीतरी परत गेल्या. कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून परत पाठवलेल्यांच्या नोंदीही वहीत उतरल्या, त्यांना विचारूनच. पुढच्या मीटिंगला तेच पान वाचलं गेलं आणि आमचं पुढचं वर्षभराचं काम ठरलं: प्राथमिक आरोग्य केंद्राला धरून बायकामुलींची हिमोग्लोबिन तपासणी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी. तेव्हा दात्यांइतक्याच काळजीनं परत गेलेल्यांची यादी ठेवा.

पायरी ७: पैसे

बँकेत दोन खाती ठेवा. वर्गणी आणि जेवणाचा खर्च एका खात्यात, देणग्या दुसऱ्या खात्यात. देणगीच्या पैशातून चहाचा कपसुद्धा घेऊ नये. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवून प्राप्तिकर खात्याची मान्यता घ्यावी लागते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. हिशेब तीन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावरच वाचून दाखवा.

पायरी ८: १ जुलै

रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं. नवे अध्यक्ष, नवे सेक्रेटरी, पदग्रहणाचा सोहळा, हार आणि फोटो. या गडबडीत अर्धवट राहिलेली कामं हरवतात. म्हणून ३० जूनच्या आत जुन्या आणि नव्या सेक्रेटरींनी एकत्र बसून वही पान पान वाचावी आणि खूण नसलेली प्रत्येक ओळ नव्या पानावर उतरवावी. जुलैच्या पहिल्या मीटिंगला घंटा वाजली की सूचनांच्याही आधी ते पान वाचा.