गोव्यात स्वस्त आणि चांगलं खायचंय? मग या चुका टाळा

"गोव्यात खाणं फार महाग पडतं," ही तक्रार कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर बसून केली तर खरीच आहे. पण सावंतवाडी-बांद्याहून पेशंट घेऊन बांबोळीच्या गोवा मेडिकलला येणारी माणसं, पर्वरीच्या सचिवालयात खेपा घालणारे, बाजारात दिवसभर उभे राहणारे, हे सगळे इथंच खिशाला झेपेल असं जेवतात, आणि चवीनं जेवतात. त्यांना चांगल्या जागांचे पत्ते माहीत असतात, पण त्याहून जास्त माहीत असतात त्या वेळा. गोव्यात प्रत्येक खाण्याची एक वेळ आहे. ती चुकली की स्वस्तही मिळत नाही आणि चांगलंही.

अडीच वाजता जेवायला निघणं

पुण्या-मुंबईहून आलेल्यांची ही सगळ्यात मोठी चूक. इथल्या खानावळीत साडेबाराच्या सुमारास ताटं लागायला लागतात, एक ते दोन तोबा गर्दी असते आणि अडीचनंतर भात-हुमण (माशाची आमटी) उरलं तरी मासळी संपलेली असते. तीनला शटर खाली. मग "काय उद्धट लोक आहेत, गिऱ्हाईक दारात उभं असताना बंद करतात" असा शेरा मिळतो. ज्यानं सकाळी लवकर उठून बाजारातून मासळी आणली, त्यानं दुपारी पाठ टेकली तर त्यात उद्धट काय?

साडेबाराला बसा. उकड्या तांदळाचा भात, वाफाळतं हुमण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुकटाची किस्मूर, एखादी भाजी, तोराचं (कैरीचं) लोणचं, सोलकढी आणि वर रव्यात घोळून तळलेला मासा. हुमण नारळाचं, त्यात आंबटपणाला सोलं किंवा चिंच, आणि बांगड्याचं असेल तर तिरफळं. किस्मूर आधी खाऊन बघा. भाजलेलं सुकट, ओलं खोबरं, कांदा, एवढंच असतं, पण स्वयंपाकघरात हात कुणाचा आहे ते तिथं लगेच कळतं. सुकट मऊ पडलेलं असेल तर ती किस्मूर सकाळपासून कालवून ठेवलेली आहे.

बसण्याआधी एक प्रश्न न लाजता विचारा: तळलेला मासा ताटातलाच की वेगळा? अनेक ठिकाणी भात आणि कढी पुन्हा वाढतात, मासा मात्र वेगळा धरतात. मेनूकार्डावर मासळीपुढे आकडा नसून 'साइझप्रमाणे' असं लिहिलं असेल, तर भाव आधी विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. बिलावरून होणारे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

आणि तीन वाजून गेलेच असतील तर? बंद दारं ठोठावत फिरू नका. दिवसभर चालणाऱ्या उडुपी हॉटेलात इडली-डोसा खा, किंवा चारपर्यंत थांबा. चारला कॅफेंमध्ये भाजी-पावाची ताजी भाजी येते.

सुरमई-पापलेटचा हट्ट

सुरमईला इथं इसवण म्हणतात आणि ती महागच असते. "आज कसलें नुस्तें?" (आज कुठली मासळी?) असं विचारा आणि जे ताजं आलंय ते घ्या. बांगडा, तारले, लेपो, मुडदुशी. स्वस्त मासळीची चव कमी असते हा गैरसमज आहे. मुडदुशी कुरकुरीत तळलेली असेल तर इसवणीची आठवणही येत नाही. सगळी मासळी बारा महिने 'आहे' म्हणणाऱ्या हॉटेलापासून जरा सावध राहा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात मोठी इसवण ताटात आली, तर ती बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली. पावसाळ्यात खाडीची मासळी, तिसऱ्या, सुकं बांगडं-सुकट हेच खरं जेवण.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. बांगडा खाताना मसाला तिखट नसतानाही जीभ चुणचुणली, तर ताट तिथंच बाजूला सारा. मासा नीट बर्फात ठेवला नाही की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून वा तळून जात नाही. थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पुरळ उठणं असा त्रास होतो. जास्त वाटलं तर डॉक्टरकडे जा. पैसे गेले म्हणून ताट संपवू नका.

सकाळी उशिरा उठणं

भाजी-पाव हा गोव्याचा खरा नाश्ता. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोसले यांची नावं कुणीही सांगेल, पण तसले कॅफे म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडे आहेत. पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांदे (चवळीचा प्रकार). दोन भाज्या एकत्र हव्या असतील तर मिक्स मागा. सोबत मिरचीचं भजं आणि पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव किंवा कडक सालीचा उंडो. मुंबईच्या पावभाजीसारखं बटर इथं शोधू नका, हा वेगळाच पदार्थ आहे. अनोळखी माणसासमोर त्याच टेबलावर बसावं लागेल, बसा. अकराच्या पुढं गेलात तर भांड्याच्या तळची भाजी मिळते.

रस-ऑम्लेट आणि शाकाहारी

संध्याकाळी दिवे लागले की गाडे लागतात. अंडी, कांदा, हिरवी मिरची मगात फेटून तव्यावर ऑम्लेट, त्यावर शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याचा) गरम रस, वर चिरलेला कांदा, लिंबू आणि पाव. स्वस्त, पोटभर, उत्तम. पण अंडं चालतं आणि मांस चालत नाही अशांनी लक्षात ठेवा, हा रस चिकनचा असतो. बेकरीतलं पॅटिस, गाड्यावरचा कटलेट-पाव यांत बीफही असू शकतं आणि चोरीस (गोव्याचं सॉसेज) डुकराच्या मांसाची असते. विचारलं तर विक्रेते सरळ सांगतात. निव्वळ शाकाहारी असाल तर फोंड्याकडच्या मंगेशी, कवळे अशा देवस्थानांच्या परिसरात चांगलं जेवण मिळतं.

फोनवरच्या ताऱ्यांवर विसंबणं

पाच तारे देणारा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच पाहुणा असतो, आणि एसी नाही म्हणून एक तारा देणाराही पाहुणाच. त्यापेक्षा बाजारातल्या दुकानदाराला विचारा, "तुम्ही स्वतः दुपारी कुठं जेवता?" 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलंत तर तो तुम्हाला पर्यटकांच्या जागी पाठवील.

वार न बघता निघणं

सोमवारी अनेक हिंदू घरांत मासळी नसते. त्या दिवशी शाकाहारी ताट मागवा. रविवारी ख्रिस्ती मालकांची बरीच हॉटेलं बंद असतात आणि पणजीचा बाजारभाग सुना असतो. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत तर हिंदू मालकांची हॉटेलंही बंद मिळतील, तेव्हा आधी फोन करा. शुक्रवारी म्हापशात काम काढता आलं तर जरूर काढा, तो तिथला आठवड्याचा बाजार. फक्त त्या दिवशी साडेबाराच्याही आधी जेवायला बसा, कारण ताटं नेहमीपेक्षा लवकर संपतात.