पायाची अँजिओप्लास्टी झाली आणि किडनीही कमजोर आहे: घरी आल्यावर काय सांभाळायचं?

पायाची बंद पडलेली धमनी अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने मोकळी झाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. रुग्णाची किडनी धडधाकट असेल तर ते ठीकच आहे. किडनीचा जुना आजार असेल, तर पुढचे दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात. अशा रुग्णाची जखम उशिरा भरते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मोकळी केलेली धमनी पुन्हा अरुंद होणं, शेवटी पाय गमावणं, या सगळ्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डायलिसिसवरच्या रुग्णांत तर सर्वांत जास्त. बायपासमधून रक्त उत्तम वाहतंय आणि तरीही टाचेची जखम हटत नाही, असं त्यांच्यात घडतं.

कारणं बरीच आहेत. किडनी बिघडली की धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्या कडक होतात. तिथे फुगा फिरवून मोठी वाट मोकळी केली, तरी बोटांपर्यंत जाणाऱ्या गल्लीबोळांचं काय? शिवाय हिमोग्लोबिन कमी, म्हणून पोचलेल्या रक्तातही ऑक्सिजन कमी. प्रतिकारशक्ती मंद. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, संख्येने पुरेशा असल्या तरी कामाला ढिल्या. म्हणून शेजारचे काका आठ दिवसांत हिंडायला लागले, तर आपल्याच माणसाला एवढा वेळ का लागतो, ही तुलना मनातून काढून टाका.

१. क्रिएटिनिनवर थांबू नका, ईजीएफआर विचारा

लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, १.२ दिसलं की 'नॉर्मलच्या आसपास आहे' म्हणून कागद फाइलमध्ये जातो. पण पंचविशीच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज, ८५ च्या घरात येतो. सत्तरीच्या बाईंचं तेच १.२ असेल तर ५० च्या खाली. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुना आजार धरतात. पायाच्या धमन्या बंद होणारे रुग्ण बहुधा वयस्कर, मधुमेही, मांस झडलेले असतात. त्यांच्यात क्रिएटिनिन चांगलंच फसवतं. लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे लघवीतून गळणाऱ्या प्रोटीनची, तपासणीही झाली आहे का, ते पाहा.

फसवणारा दुसरा आकडा घोट्याच्या रक्तदाबाचा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायात अडथळा आहे, असा साधा नियम. किडनीच्या रुग्णाची धमनी कॅल्शियमने इतकी कडक झालेली असते की पट्टा फुगवूनही ती दबत नाही. मग आकडा चांगला येतो, कधी १.४ च्याही वर जातो, आणि पाय मात्र काळा पडत असतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो. उपचारानंतरच्या तपासणीत 'घोट्याचा आकडा छान आहे' एवढंच सांगितलं, तर अंगठ्याचा दाब किती, हे नम्रपणे पण जरूर विचारा.

२. डायनंतरची रक्ततपासणी चुकवू नका

अँजिओप्लास्टीत धमनी दिसावी म्हणून आयोडीनचा डाय सोडतात. कमजोर किडनीला तो झेपेलच असं नाही, विशेषतः ईजीएफआर ३० च्या खाली असताना. अडचण अशी की रुग्ण बहुधा दुसऱ्याच दिवशी घरी येतो आणि क्रिएटिनिन चढतं ते ४८ ते ७२ तासांत, म्हणजे घरी आल्यावर. म्हणून डिस्चार्ज घेतानाच ही तपासणी कोणत्या तारखेला करायची, ते कार्डावर लिहून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बंद ठेवली असेल तर ती याच रिपोर्टनंतर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करायची. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या थांबवल्या असतील, तर त्यांचंही विचारून ठेवा. 'बंद करा' हे सगळे सांगतात, 'पुन्हा सुरू करा' सांगायचं राहून जातं.

डाय बाहेर पडावा म्हणून भरपूर पाणी प्या, असा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. डायलिसिसवर असलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसाला तो थेट आयसीयूत पोचवू शकतो. किती पाणी प्यायचं, हा आकडा डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्येच घ्या. लघवी पहिले तीन-चार दिवस मापाच्या भांड्यात मोजा. ती फारच कमी झाली किंवा कोलासारख्या रंगाची झाली तर वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट, थोडी दुर्मीळ. धमनीत नळी फिरवताना भिंतीवरचे कोलेस्टेरॉलचे बारीक कण सुटतात आणि पुढे जाऊन अडकतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायाची बोटं निळी-जांभळी होतात, कातडीवर जाळीसारखे डाग उठतात आणि किडनी हळूहळू घसरते. 'डायचा धोका टळला' म्हणून निर्धास्त झालेल्या घरात हे लक्षातच येत नाही.

३. जांघेकडे लक्ष

नळी बहुधा जांघेतून घालतात. पहिले काही दिवस उकिडवं बसणं, बादली उचलणं, जिने चढणं टाळा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. जांघेत गाठ फुगली, रक्त येऊ लागलं तर रुग्णाला आडवं करून हाताने घट्ट दाबून धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. बाहेर काहीच दिसत नसताना कंबर किंवा कूस दुखून घाम, चक्कर आली, तर रक्त आतल्या आत साचत असू शकतं.

४. गोळ्यांचा एकच कागद

पायाचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे, मधुमेहाचे तिसरे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. सगळ्या गोळ्या एका कागदावर उतरवा आणि तोच कागद तिघांना दाखवा. हा कंटाळवाणा उद्योग आहे, पण माझ्या मते या लेखात सांगितलेल्यांपैकी सर्वांत जास्त फायद्याचा.

त्यात काय पाहायचं? अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका. दात काढायचा असला तरी आधी विचारा. दुखतंय म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक आणू नका. किडनीला हा सर्वांत सहज होणारा मार आहे. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, तेही ठरलेल्या मात्रेत. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या गोळ्यांची मात्रा किडनीप्रमाणे कमी करावी लागते. रुग्ण दिवसभर गुंगीत असेल, तोल जात असेल तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नका. पाय चालायला सिलोस्टाझॉल दिलं असेल तर हृदयविकाराची माहिती डॉक्टरांना द्या, कारण हार्ट फेल्युअरमध्ये ते देत नाहीत. ओळखीतल्या कुणी दिलेली भस्मं, काढे, 'किडनी साफ करणारी' चूर्णं सध्या बाजूला ठेवा.

इन्सुलिनबद्दल खास सांगायला हवं. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि त्यात ऑपरेशननंतर जेवण कमी. पूर्वीचेच युनिट चालू ठेवले तर पहाटे साखर घसरते. पहिले दोन आठवडे घरच्या मशिनवर साखर तपासत राहा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) रिपोर्ट रक्त कमी असलेल्या किडनीच्या रुग्णात नीट भरवशाचा नसतो.

५. पाऊल रोज पाहा, टाच अधांतरी ठेवा

पाऊल रोज, उजेडात, दोन्ही बाजूंनी पाहायचं. तळवा दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढा. तारखेनुसार फोटो राहिले की ड्रेसिंगला गेल्यावर जखम वाढली की घटली, यावर वाद राहत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. किडनीच्या रुग्णाची कातडी कोरडी पडून भेगाळते, म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, फक्त बेचक्यांत नको.

टाच ही सगळ्यात दगा देणारी जागा. तासन्‌तास गादीवर टेकून राहिली की तिथे काळा डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. उशी टाचेखाली ठेवायची नाही, पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच हवेत राहते. डायलिसिसचे चार तास खुर्चीवर किंवा खाटेवर असतानाही हेच. तिथे आणखी एक पाहा: डायलिसिस चालू असताना रक्तदाब पडला की पायाचा पुरवठाही पडतो. पाऊल त्याच वेळी दुखत असेल तर टेक्निशियनला लगेच सांगा, पाणी किती वेगाने काढायचं ते बदलता येतं.

बोट काळं पडून कोरडं झालं असेल तर ते कोरडंच राहू द्या. कोमट पाण्यात भिजवणं, हळदीचा लेप, गरम पाण्याची पिशवी यांतलं काहीही नको, कारण बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. कुरूप घरी ब्लेडने कापू नका. अनवाणी घरातही फिरू नका. देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून मधुमेही माणसाचे तळवे भाजतात आणि संध्याकाळी मोजे काढल्यावर ते घरच्यांना दिसतं. एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल घ्या, आणि ती शक्यतो संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

सुजेचा अर्थ लावायला शिका. ज्या पायावर बायपास झाला तोच सुजला, तर बहुधा रक्त नव्याने वाहू लागल्याची सूज असते. पण पोटरी कडक होऊन दुखत असेल तर शिरेत गुठळी नाही ना, ते त्याच दिवशी तपासून घ्या. दोन्ही पाय सुजले, सकाळी डोळ्यांखाली फुगलं, दोन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर पाणी साचतंय आणि फोन किडनीच्या डॉक्टरांना करायचा.

६. ताटात काय?

इथे घराघरात गोंधळ असतो. किडनीच्या डॉक्टरांनी प्रोटीन कमी सांगितलेलं, जखमेला प्रोटीन जास्त हवं. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला साधारण दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम, डायलिसिसवर असलेल्याला १ ते १.२ ग्रॅम, असा ढोबळ हिशोब आहे. जखम मोठी असेल तर तो बदलतो. त्यामुळे आहारतज्ज्ञांकडे एक फेरी माराच. चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग सोयीचा, त्यात फॉस्फरस कमी असतो.

आजाऱ्याला भेटायला येणारे शहाळं आणि मोसंबी घेऊन येतात. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. पाहुण्यांचा मान राखा, शहाळं आपण प्या. 'लो सोडियम' मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते आणूच नका. कोकणात आणि गोव्यात परसात होणारं कमरख (स्टार फ्रूट) किडनीच्या रुग्णाने एक फोडही खाऊ नये. त्यातल्या विषारी घटकाने उचक्या, गोंधळलेपण, फिट्स येऊ शकतात. लोणचं, पापड, सुकी मासळी मिठामुळे बंद.

७. चालणं आणि तंबाखू

जखम नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने चाला. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. तळव्याला जखम असेल तर मात्र हे लागू नाही. विडी-सिगारेट सुटलीच पाहिजे. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. 'आजी काही ओढत नाही' असं डॉक्टरांना सांगताना सकाळच्या मिश्रीचा उल्लेख राहून जातो.

८. कधी धावायचं, कुठे धावायचं

पाय अचानक गार, पांढरट, बधिर झाला आणि असह्य दुखू लागला, तर धमनी पुन्हा बंद झाली असं समजून निघा. साधारण सहा तासांच्या आत रक्त पोचवावं लागतं. ताप, थंडी, जखमेला दुर्गंधी, लाली वर चढत जाणं, धाप लागणं यांतलं काही झालं तरी त्याच दिवशी दाखवा.

कुठे जायचं, ते आजच ठरवून ठेवा. अँजिओग्राफीची सोय आणि डायलिसिस, दोन्ही एकाच छताखाली असतील असं रुग्णालय बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते येतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारता येतं. दाराजवळच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, शेवटचं क्रिएटिनिन, गोळ्यांचा कागद ठेवा. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, कोणत्या हाताला आहे किंवा होणार आहे, ते वरच्या पानावर ठळक लिहा. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, सुई नको, सलाइन नको. रक्त काढायचं तर दुसऱ्या हाताच्या पंजामागून काढायला सांगा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलेलं नसतं.