पोकळ चिंबोरी भरवताना

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की नवी मुंबईतल्या आमच्या दिवाळे गावातली दोन-चार पोरं मला हमखास विचारतात, "दादा, बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची डिग्री करू की मासळी पाळायला सरळ तळं घेऊ?"

मी आधी डिग्री घेतली, रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं. बाबा खाडीत फग, म्हणजे चिंबोऱ्या (खेकडे) पकडायची जाळी टाकायचे. आता फगात चिंबोरीआधी प्लॅस्टिक येतं. म्हणून खाडीकाठी भाड्याचं तळं घेतलं आणि पोकळ चिंबोऱ्या भरवायला सुरुवात केली. कवच कडक पण आत मांस नाही, अशी चिंबोरी स्वस्तात घ्यायची, बारकी मासळी खाऊ घालायची. तीन-चार आठवड्यांत भरते, मग भाव वेगळाच.

पहिल्या खेपेला दोनशे सोडल्या, हाताला लागल्या साठ. चोरी झाली म्हणून मी रात्री राखण करत बसलो! चोर तळ्यातच होते. कात टाकलेली चिंबोरी मऊ पडते, बाकीच्या तिला फाडून खातात. हे पुस्तकात वाचलं होतं, तरी पेट्यांचा खर्च वाचवला. आता एका पेटीत एकच.

बरेच नवखे मात्र 'बासा' माशापासून सुरुवात करतात. तो मूळचा मेकाँग नदीचा. व्हिएतनाममध्ये त्याची तळ्यांत प्रचंड शेती होते, आपल्याकडे आंध्रातही होते. 2022 साली जगात पकडलेल्या जलचरांपेक्षा पाळलेले जास्त भरले, आणि त्यातले बहुतेक आशियातले. धंद्याला भविष्य आहे, यात शंका नाही. पण नवी मुंबईच्या जागेच्या भाड्यात आंध्राच्या भावाला मासा विकणं आपल्याला जमायचं नाही. खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग खाद्यच खातं. आपला फायदा एकच, गिऱ्हाईक अर्ध्या तासावर. म्हणून जे जिवंत किंवा फडफडीत विकलं जातं तेच करा: चिंबोरी, नाहीतर जिताडा मासा.

पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत अनुदान 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. पण आधी पैसे आपल्यालाच घालावे लागतात, त्या भरवशावर कर्ज काढू नका. कांदळवन तोडून तळं खणायचं तर मनातही आणू नका.

डिग्रीने पाणी तपासायला शिकवलं. अंगठ्याने पोट दाबून भरलेली-पोकळ ओळखायला आईने शिकवलं, तेही मासळीबाजारात फळीवर बसून, गिऱ्हाईकाशी घासाघीस करता करता.

तळं बघायला यायचं तर पहाटे चारला या. दुपारी सगळीच तळी छान दिसतात. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो उजाडायच्या आधी.